ताडोब्याची बॅग

भाविकानं ताडोब्याच्या सफारीचं बुकिंग केलं तेव्हा बापाला विचारलंच नाही, पैसे भरल्यावर नुसतं सांगितलं. विचारलं असतं तर हरेश्वर ‘न्हाय’ म्हणाला असता, आणि एकदा न्हाय म्हटल्यावर त्याला हलवणं कुणाच्या हातचं नव्हतं.

एकतीस वर्षं त्यानं ट्रक चालवला. थळच्या कारखान्यातून खताच्या गोणी भरायच्या आणि नागपूर, चंद्रपूरकडे न्यायच्या. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, डावी बाजू लुळी पडली आणि ट्रक सुटला. पाय पुढे बराच सुधारला, काठीही सुटली. पण हरेश्वर अंगणाच्या फाटकापुढे काही जाईना. ओटीवर खुर्ची टाकून बसायचा, डाव्या हातात डॉक्टरांनी दिलेला रबरी चेंडू.

निघायच्या आदल्या दिवशी भाविकानं रजा घेतली. अलिबागला एका लॅबमध्ये ती रक्त तपासायचं काम करायची. सकाळीच तिनं पलंगावर बॅग उघडून ठेवली आणि मोबाइलवर आलेली यादी मोठ्यानं वाचायला घेतली. टोपी, पाण्याची बाटली, पहाटेच्या थंडीसाठी शाल, औषधं. कपडे मातकट रंगाचे, भडक नकोत. अत्तर, सेंट, उग्र वासाचं काही नको.

तिची आई, कमळ, दाराशी स्टीलचा डबा घेऊन उभी होती. तिनं तो हळूच पदराआड केला.

“काय आहे त्यात?”

“बोंबलाची चटनी. तीन दिस तिकडं तुझा बाप काय खाईल?”

“आई, वाघ गाडीत येऊन बसेल.”

“बसू दे. त्याला पन देईन.”

डबा बाजूला राहिला. कपड्यांची अडचण मोठी निघाली. कमळच्या सगळ्या साड्या लाल, पोपटी नाहीतर जर्द पिवळ्या. शेवटी भाविकानं स्वतःचा राखाडी पंजाबी ड्रेस आईला दिला आणि कमळनं तो आरशासमोर अंगाला लावून तीनदा बघितला. हरेश्वरकडे गंजी, लुंग्या आणि लग्नाकार्याचे दोन पांढरे सदरे. मातकट असं त्याच्याकडे एकच होतं. कमळनं पत्र्याच्या पेटीतून ते काढलं. ड्रायव्हरचा खाकी शर्ट.

डांबरगोळ्यांचा वास जावा म्हणून भाविकानं तो घटकाभर उन्हात धरला, मग ओटीवर बापासमोर आणला.

“बाबा, घालून बघ. हाच शर्ट होता ना तेव्हा अंगात? वाघ बसला होता तेव्हा?”

ती गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. भाविका पाच वर्षांची असताना चंद्रपूरजवळच्या मूल रोडला ट्रकच्या उजेडात, भर रस्त्यात वाघ बसलेला. हरेश्वरनं इंजिन बंद केलं, हॉर्न दिला नाही. अर्ध्या तासानं वाघ उठला, त्याच्याकडे एकदा बघितलं आणि जंगलात गेला.

हरेश्वरनं चेंडू खाली ठेवला.

“तो वाघ मी बघितला न्हाय.”

“कुठला?”

“मूल रोडचा. बघितलाच न्हाय कधी. एक्सल तुटला होता. दोन दिस ढाब्यावर पडून होतो, तुझा वाढदिवस गेला. घरी आलो तर तू बोलंना माझ्याशी. मग कायतरी आनायला पाहिजे होतं ना तुझ्यासाठी.”

आतून कमळ म्हणाली, “मला तरी सांगायचं! एवढी वर्सं भाचरांना सांगत आले मी.”

“निबंध लिहिला होता मी त्याच्यावर,” भाविका म्हणाली. “बाईंनी वर्गात वाचून दाखवला होता.” तिनं शर्ट बापाच्या मांडीवर ठेवला आणि ती पायऱ्या उतरून अंगणात गेली.

हरेश्वरला वाटलं, आता ही येत नाही आणि सफारीही गेली. दोन वर्षं त्याला कुठंच जायचं नव्हतं, पण आता जायचं होतं. त्यानं शर्ट उचलला. उजवा हात बाहीत सहज गेला. डावा त्यानं उजव्या हातानं ढकलत घातला. बटणांना फार वेळ लागला. डाव्या बोटांनी काज नुसतं धरून ठेवायचं होतं, पण ते सारखं निसटायचं. कमळ दारातून बघत होती. मदतीला पुढे होणार, तेवढ्यात तिची तीच थांबली.

चौथ्या बटणाला भाविका परत आली. डोळे लाल होते. तिनं त्याला शेवटचं बटण लावू दिलं.

“म्हणजे उद्या तूही पहिल्यांदाच चाललायस,” ती म्हणाली.

“व्हय.”

“मग नीट बघायचं. आल्यावर खरं सांगायचं.”

“दिसला तर.”

“नाही दिसला तर नाही दिसला म्हणायचं.”

दुसऱ्या दिवशी शेजारचा सदा रिक्षा घेऊन आला. त्यानं बॅग उचलायला हात पुढे केला, तर हरेश्वरनं ती आधीच उजव्या खांद्याला अडकवली होती. फाटकातून तो बाहेर पडला तेव्हा समोरच्या बायका कामं टाकून बघत राहिल्या.

पहिल्या सफारीत हरणं दिसली, गवे दिसले, वाघ नाही. दुसऱ्या सकाळी गाइडनं एकदम जिप्सी थांबवायला सांगितली. कुठूनतरी चितळ धोक्याची हाक देत होतं. मग बांबूतून वाघीण निघाली, कुणाकडे न बघता रस्ता ओलांडू लागली. कमळनं ओढणी तोंडाला लावली. भाविका मोबाइल काढायचंच विसरली. हरेश्वर उभा राहिला होता, दोन्ही हातांनी पुढचा दांडा धरून, आणि पलीकडच्या गवतात तिची शेपटी दिसेनाशी होईपर्यंत तो तसाच उभा होता.

मग हरेश्वरनं गाइडच्या खांद्याला हात लावला.

“पावसात बंद असतं ना इथं? परत कधी उघडतं?”

“ऑक्टोबरमध्ये, काका.”

“भाविका,” तो म्हणाला, “ऑक्टोबर लिहून ठेव.”