शुक्रवारच्या सौनातली चार माणसं

आमच्या सोसायटीचा सौना, म्हणजे घाम काढायची तापवलेली खोली, तळघरात आहे. कोणाची पाळी कधी, हे माझी बायको हिल्क्का ठरवायची. म्हणजे विमा कंपनीत असताना ती एपीएल नावाची संगणकाची भाषा शिकली होती, त्या भाषेतला तिचा प्रोग्राम ठरवायचा. एकेका घरातल्या माणसांची नावं एकेका ओळीत, माणशी अर्धा तास. दर गुरुवारी यादी जिन्यात लागायची.

हिल्क्का फेब्रुवारीत गेली. नंतर तो प्रोग्राम मी चालवू लागलो. एप्रिलमध्ये सोसायटीची अध्यक्ष माइरे वर आली आणि दारातच उभी राहिली.

"ओन्नी, कसं सांगू. यादीत अजून तिचं नाव येतं."

"येतं."

"लोकांना कसंसंच होतं रे."

मी आमच्या ओळीतून तिचं नाव खोडलं. त्यात अख्खा दिवस गेला.

पुढच्या यादीत आमच्या घरात चार माणसं निघाली: ओ, एन, एन आणि आय. वेळ शुक्रवारी सहा ते आठ. यादीत आहे म्हणजे आहे, म्हणून मी दोन तास बसलो. शेवटी शेवटी खालच्या, कमी तापणाऱ्या फळीवर उतरलो. बाहेर आलो तर पुढच्या पाळीचे पेल्कोनेन नवराबायको आणि त्यांची मुलं बाकावर ओळीनं, आंघोळीच्या झग्यात. ते नेहमीसारखे सातला आले होते. दुसऱ्याच्या पाळीत दार वाजवायची आमच्याकडे पद्धत नाही.

"चांगला तापला होता का?" पेल्कोनेननं विचारलं.

"होता."

शनिवारी माइरे परत आली.

"तुझ्याकडे कोण राहायला आलंय?"

"कोणी नाही."

"मग हा ओ कोण? आणि दोन एन, ते काय जुळे?"

"ते सगळे मीच."

"चौघंही?"

"चौघंही."

ती हसली नाही. म्हणाली, "कमिटीचं ठरलंय. येत्या गुरुवारी यादी चुकली तर फोनवरून पाळी लावायची सोय विकत घ्यायची आणि हिल्क्काचा प्रोग्राम बंद."

घरात हिल्क्काच्या हातचं आता तेवढंच उरलं होतं. तिनं केलेला जाम मार्चमध्येच संपला.

मी कालेर्वोला बोलावलं. तो विमा कंपनीत तिच्या शेजारच्या टेबलावर काम करायचा. त्यानं आधी कॉफी घेतली, मग पडद्यावर बोट ठेवलं.

"ही दोन टिंबं बघ."

ती मी पाहिली होती. पण फिनिशमध्ये अक्षरांच्या डोक्यावर टिंबं असतातच, म्हणून सोडून दिली होती.

"ती सांगतात, डबा उघड आणि आत जे जे असेल त्या प्रत्येकाला पाळी दे. आधी डब्यात दोन नावं होती, म्हणून दोन माणसं. आता तुझं नुसतं नाव उरलंय, डब्याशिवाय. म्हणून तो नावच उघडतो. आत काय? अक्षरं. ओ, एन, एन, आय."

"मी एक माणूस आहे हे त्याला कळत नाही?"

"त्यानं तुला कुठे पाहिलंय? थांब, मी सगळं नव्यानं लिहून देतो. तिची ही पद्धत मला ऑफिसातही पटायची नाही."

"ती काय म्हणायची?"

"कॉफी पी म्हणायची."

"मग पी."

तिचं नाव परत घातलं असतं तर यादी सरळ झाली असती. मी तसं बोलूनही दाखवलं. कालेर्वोनं अजून कॉफी ओतून घेतली. मी इतर घरांच्या ओळी वाचू लागलो. माइरे एकटी राहते. तिच्या नावाआधी घोड्याच्या आडव्या पडलेल्या नालेसारखी एक खूण होती. तळमजल्यावरच्या म्हाताऱ्याच्या नावाआधीही तीच.

"हे काय?"

"तोच डबा," कालेर्वो म्हणाला. "एकट्या नावाला लागतो."

हिल्क्कानं इमारतीतल्या प्रत्येक एकट्या माणसाला डबा दिला होता. आमच्या ओळीत त्याची कधी गरज पडली नव्हती.

कालेर्वोनं कीबोर्डकडे हात पुढे केला. मी म्हटलं, "हात लावू नकोस." ती खूण कुठल्या बटणावर आहे ते शोधायला मला बराच वेळ लागला. मग माझ्या नावाआधी ती घातली.

गुरुवारी माइरेनं चष्मा लावून, ओळीओळीवर बोट फिरवत यादी वाचली.

"ओन्नी, एक. सहा ते साडेसहा."

"एकच."

"अर्धा तास पुरेल ना?"

"पाठ घासायला कोणी नाही. उरेलसुद्धा."

तिनं चष्मा काढून खिशात ठेवला.

"फोनवाल्यांना नको म्हणून कळवते," ती म्हणाली.

"कळव."