बारीक भोकांचं जाळं

थोरल्याला एकच इलाज ठाऊक होता. मासळी कमी आली की जाळ्याची भोकं बारीक करायची. आधी भोकातून मूठ जायची, मग अंगठा, आता काडी गेली तरी नशीब. ह्याला तो अक्कल म्हणायचा. अकलेचा कांदाच तो. पण होडी त्याची आणि आवाजही त्याचाच, त्यामुळे धाकट्या भावाने तोंड उघडलं की एकच उत्तर. "तू गप्प बस. तुला पोर ना बाळ."

पोर नव्हतं, खरंय. पण थोरल्याच्या मुलाला सुकाणू धरायला शिकवलं ते ह्या काकानेच. पुतण्याने ह्याच पाण्यावर जगावं, एवढीच त्याची इच्छा.

म्हणून तर तो खडकाआडच्या उथळ पाण्यासाठी भांडला. तिथे मासळी अंडी घालायला येते. वडिलांनी तिथे जाळं टाकलं नाही, कुणाला टाकूही दिलं नाही.

"दादा, बाकी सगळा समुद्र खरवडलास. एवढं बियाणं तरी ठेव."

"ठेवू आणि शेजारच्यांच्या घशात घालू? अरे, मी हे पोरासाठीच करतोय."

आणि टाकलं जाळं. होडी काठोकाठ भरली, एकेका मासळीच्या पोटात अंड्यांची गाभोळी. धक्क्यावर लोकांनी पाठ थोपटली, तसा गडी फुगला. विकून उरली ती मासळी कोंबड्यांच्या खाद्यात गेली. धाकटा त्या दिवशी जेवला नाही. कुणी विचारलंही नाही.

पुढच्या हंगामात जाळ्यात चिखल आला, प्लास्टिक आलं आणि थोरल्याचीच हरवलेली चप्पल आली.

"मासळीच हरामखोर झालीय," थोरला म्हणाला. आता काय बोलायचं? चोराच्या उलट्या बोंबा त्या ह्याच.

पोराने कपडे भरले आणि लांबच्या शहरात, डबाबंद मासळीच्या कारखान्यात कामाला लागला. जाताना काकाला घट्ट मिठी मारली, बापाला नुसतं येतो म्हणाला.

काही महिन्यांनी त्याने घरी डबे पाठवले. थोरल्याने एक फोडला. आत बोटाएवढाले मासे. धाकट्याने त्यातला एक चिरून भावासमोर धरला. पोटात गाभोळी होती.

थोरला बराच वेळ बघत राहिला. धाकट्याला वाटलं, चला, उशिरा का होईना, उमजलं.

थोरल्याने बोटं चाटली. "म्हणजे तिकडे आहे अजून," तो म्हणाला. "पोराला विचार, तिथल्या जाळ्यांची भोकं केवढी असतात."