मोठ्या खिडकीच्या पाठीमागे

मित्रांनो, मी एक जुनी खिडकी आहे. गज नि तावदानं शोधू नका. मी संगणकाच्या पडद्यावर उघडणारी, पंज्याएवढी खिडकी. 'जतन करू का?' एवढंच मला विचारता येतं. खाली दोन बटणं, 'हो' आणि 'नको'. झाला माझा संसार!

मला एका भाचीनं बनवलं, तिच्या मामांसाठी. तिची आई ती लहान असतानाच गेली. आईचं लहानपण ठाऊक असलेले एकटे मामा उरले होते, आणि त्यांनाही हल्ली विसरायला होत होतं. म्हणून तिनं आईचे सगळे जुने फोटो संगणकात घातले. फोटो मोठ्या खिडकीत उघडायचा आणि मामांनी खाली रकान्यात आठवेल ते लिहायचं. लिहून झालं की मी यायचं, विचारायचं, आणि उत्तर मिळेपर्यंत मोठ्या खिडकीला काही करू द्यायचं नाही. केवढा मान माझा!

पण मी कोणत्या खिडकीची, कोणाच्या पुढ्यात उभं राहायचं, हे भाचीनं मला सांगितलंच नाही. तिच्या टेबलावर दोन पडदे होते. मी दुसऱ्या पडद्यावर उघडायचे, ती 'हो' दाबायची, काम फत्ते! मामांकडे पडदा एकच, तोही छोटा. तिथे मी मोठ्या खिडकीच्या पाठीमागे उघडले.

मामा तासभर लिहायचे आणि मग सगळं ठप्प. मी मागून जीव तोडून विचारायचे, पण मी दिसले तर ना! शेवटी कंटाळून ते वायर उपटायचे. लिहिलेलं सगळं पाण्यात. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

"अहो, तिला फोन करून सांगा ना," मामी म्हणायच्या.

"नको गं. पोरीनं एवढ्या हौसेनं करून दिलंय. माझंच काहीतरी चुकत असेल."

असे आठ महिने गेले. माझ्या हाती येणारा मजकूर दिवसेंदिवस तोकडा होत गेला. मी मेली नुसती बघत राहिले.

मग भाची आली. एकाही फोटोखाली काही नाही हे बघून तिनं स्वतः एक शब्द लिहून बघितला, तर सगळं ठप्प. मग तिनं मागच्या खिडक्या पुढे आणल्या आणि मी सापडले.

"अगं बाई! ही मागे होती?" तिचा चेहरा पडला. तिनं तिथल्या तिथे एक ओळ दुरुस्त केली. "मामा, चूक माझी होती हो. चला, आता लिहू. ही सायकलवर कोण?"

मामांनी पडद्याजवळ वाकून फोटो बघितला. मग हसून म्हणाले, "गोड आहे गं. तुझी मैत्रीण का?"

मित्रांनो, कोणासाठी काही बनवलंत तर एकदा त्याच्या टेबलाशी जाऊन बसा, त्याला वापरताना बघा. आणि तुमचं अडलं तर बनवणाऱ्याला सांगा. तो हिरमुसला तर हिरमुसू दे.

त्या दिवशी फोटो बंद करताना मी पहिल्यांदा अगदी पुढ्यात उघडले. विचारलं, 'जतन करू का?' रकान्यात एक अक्षर नव्हतं. भाचीनं डोळे पुसले आणि 'हो' दाबलं.