टिकलीखालचा चेहरा

नलूच्या पार्लरात फेशियल करायचं तर चेहरा उतरवून द्यावा लागतो. विट्यात कुणालाही विचारा, यात कुणाला काही वावगं वाटत नाही. नलू हनुवटीखाली बोटं घालते, कानामागून सोडवते आणि दुधावरची साय काढावी तसा चेहरा अलगद उचलते. दुखत नाही. डोळे, नाक, तोंड आपापल्या जागी राहतं, बोलता येतं, चहासुद्धा पिता येतो. जातं ते फक्त ओळखू येणं. मग नलू तुमच्यावर ओला नॅपकिन टाकते आणि चेहरा धुवायला बेसिनकडे नेते.

आता चेहऱ्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून नलूची एक पद्धत होती. पद्धत कसली, बायकांची सवयच ती. खुर्चीत बसलं की बाई आधी कपाळावरची टिकली काढते आणि समोरच्या आरशाला चिकटवते. नलूनं त्या लांबच लांब आरशावर दोरी बांधली होती. ज्या टिकलीखाली जो चेहरा चिमट्यानं अडकवला तो त्या बाईचा. वही नाही, नंबर नाही. खाली पिठाची गिरणी होती. ती सुरू झाली की मजला थरथरायचा आणि दोरीवरचे चेहरे होय-होय केल्यासारखे हलायचे.

कुंदा जगदाळे त्या दिवशी सकाळी नऊ वाजता पार्लरात आली. तिच्या केतकीचा साखरपुडा दुपारी चारला होता आणि कुंदानं आठ दिवस आधी वेळ घेऊन ठेवली होती. साखरपुड्यात विहीणभेट असते. मुलाची आई आणि मुलीची आई सगळ्यांच्या देखत समोरासमोर येतात, एकमेकींना कुंकू लावतात, गळाभेट घेतात. तेवढा वेळ अख्खा हॉल मुलीच्या आईकडे बघतो. कुंदाला तेवढंच हवं होतं. बावीस वर्षांत जगदाळ्यांच्या घरात कुणाचं बारसं असो की वास्तुशांत, लोक बघायचे ते धाकट्या सुनेकडे, हेमांगीकडे. आजचा एक दिवस कुंदाचा होता आणि तो तिला कुणाला द्यायचा नव्हता.

हेमांगी देखणी होती. हे कुंदाला मान्य होतं, आणि तेच तर दुखणं होतं. नुसती गोरी असती, नाकीडोळी नीटस असती तरी कुंदानं चालवून घेतलं असतं. पण हेमांगी हसली की समोरचा माणूस आपलं काम विसरायचा, हे काही कुंदाला बघवत नव्हतं. घरात फोटो काढायचं काम कुंदाकडे असायचं. ते तिनं स्वतःहून मागून घेतलेलं. तिनं काढलेल्या एकाही फोटोत हेमांगी पूर्ण नाही. कुठं नुसता खांदा, कुठं अर्धा कान. विचारलं तर म्हणायची, "हललीस तू."

तर नऊची वेळ घेतलेल्या कुंदाचा चेहरा नलूनं सव्वादहाला उतरवला. तोवर ती फोनवर कुणा नवरीच्या मेंदीचं ठरवत होती. एका हातानं चेहरा धुतला, एका हातानं पिळला, कुंदाच्या मरून टिकलीखाली अडकवला आणि म्हणाली, "दहा मिनिटं सुकू दे, काकी."

अकरा वाजता जिन्यात पैंजण वाजले आणि हेमांगी आत आली. वेळ घेतलेली नाही, काही नाही.

"अगंबाई, हेमाताई! या, या, बसा!" नलू म्हणाली.

बघा आता. दोघी सख्ख्या जावा, वयात तीन वर्षांचं अंतर, त्यातली एक काकी आणि दुसरी ताई. ओल्या नॅपकिनखाली कुंदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हेमांगीनं आपली बारीक खड्याची टिकली काढून आरशाला लावली. नलूनं फोन पहिल्यांदाच बाजूला ठेवला. दोन्ही हातांनी तिचा चेहरा उतरवला, मांडीवर घेतला आणि त्याला क्रीम लावून मालिश करत बसली. तान्ह्या बाळाला तेल लावताना बायका गुणगुणतात तशी गुणगुणत होती मेली. अर्धा तास झाला तरी तिचं संपेना.

"नलू, माझा सुकला गं," कुंदा म्हणाली.

"झालंच, काकी."

"चारला हॉलवर उभं राहायचंय मला. नऊची वेळ घेतलीय मी."

"वेळ सगळेच घेतात हो. सुकलेला चेहरा काय पळून जातोय?" नलू म्हणाली. तिनं हेमांगीचा चेहरा खड्याच्या टिकलीखाली टांगला, पुन्हा फोन उचलला आणि बोलत बोलत मागच्या गॅलरीत निघून गेली.

पार्लरात दोघीच उरल्या. शेजारच्या खुर्चीत हेमांगी नॅपकिनखाली संथ श्वास घेत होती, झोप लागली असावी. खाली गिरणी सुरू झाली आणि दोरीवरचे दोन चेहरे हलू लागले. कुंदानं नॅपकिन वर करून बघितलं. तिचा स्वतःचा चेहरा नुसता धुऊन वाळत घातलेला, एका गालावर पिठाचा थर. हेमांगीचा लोण्यासारखा चकाकत होता. कुंदा उठली. तिनं नखानं मरून टिकली काढली, खड्याची काढली, इकडची तिकडे लावली आणि पुन्हा नॅपकिन ओढून बसली. चार श्वासांचं काम. एवढ्या वर्षांत केलं नव्हतं याचंच तिला नवल वाटलं.

नलू आली ती मान वाकडी करून, फोन खांद्यावर. वर टिकली बघितली, खालचा चेहरा काढला, कुंदाला चढवला, कानामागं दाबला. तोंडाकडे एकदा तरी बघावं? नाव नको.

"झालं. पंधरा दिवस ओढायचा नाही, पाणी बेतानं. फाटला तर मला सांगायचं नाही," नलू म्हणाली. "आणि उद्यापासून मी लग्नाच्या ऑर्डरींवर. पार्लर बंद."

कुंदानं आरशात बघितलं. आरशातून हेमांगी बघत होती. कुंदा हसली, हेमांगी हसली, आणि ते हसू बघून कुंदा क्षणभर पर्स घ्यायची विसरली. जिना उतरताना तिचं मन नुसतं उड्या मारत होतं. चेहरा हेमीचा असला म्हणून काय झालं? माणूस मी, साडी माझी, लेक माझी. मत्सराला डोळे असतात, डोकं नसतं, एवढं साधं तिला कळलं नाही.

पहिला दणका फोननं दिला. तोंड बघून उघडणारा फोन, तो उघडेना. मग घरून पैठणी नेसून निघाली तेव्हा रिक्षावाला म्हणाला, "हेमावहिनी, हॉलवर ना?" कुंदा गालात हसली. गंमतच वाटली तिला.

हॉलच्या दारात तिचा नवरा, प्रतापराव, पाहुण्यांना गुलाबपाणी शिंपडत उभा होता. तिच्या अंगावरची अंजिरी पैठणी त्यानंच आणलेली. ती समोर येताच तो दोन पावलं बाजूला सरकला. थोरला दीर धाकट्या भावजयीकडे मान वर करून बघत नाही, ही जगदाळ्यांची जुनी रीत. त्यानं भिंतीकडे बघत विचारलं, "हेमांगी, ही कुठं राहिली?"

"अहो, मीच," कुंदा म्हणाली.

प्रतापरावनं मान आणखी खाली घातली. भावजयीनं असं थट्टेत बोलावं, तेही चारचौघांत, याची त्याला लाज वाटली असावी.

कुंदा स्टेजकडे निघाली. दारापासून स्टेज चाळीस पावलांवर होतं, तिनं सकाळी स्वतः मोजलं होतं. वाटेत कुणीतरी म्हणालं, "हेमा, आज काय दिसतीयस गं!" आणि हॉल खुर्च्यांच्या दोन रांगांनी लांबला. आत्यासासूबाई म्हणाल्या, "हेमा, जरा पंगतीचं बघ." आणखी चार रांगा. खुर्च्या मात्र कमी पडत नव्हत्या, नव्या रांगांतही माणसं आधीपासूनच पेढे खात बसलेली होती. मग धाकटा दीर अरविंद, हेमांगीचा नवरा, आला, तिच्या हातात गाडीची किल्ली दिली, म्हणाला, "हेमा, पर्समध्ये टाक. आणि ही वहिनीची साडी तुला कुणी दिली?" ती उत्तर देईपर्यंत तो गेला. मागं वळून बघितलं तर दार दिसेना. स्टेज टपालाच्या तिकिटाएवढं दिसत होतं.

"केतू!" कुंदानं हाक मारली. हाक निम्म्या रांगांपर्यंत गेली आणि तिथंच बसली.

तेवढ्यात सनई सुरू झाली. सगळ्यांनी माना वळवल्या. स्टेजवर मुलाची आई एका बाजूनं आली आणि दुसऱ्या बाजूनं कुंदाचा चेहरा आला.

इतक्या लांबूनही कुंदाला तो स्वच्छ दिसला. आणि देवाशपथ सांगतो, बाईनं तो पहिल्यांदाच बघितला. आरशात रोज बघायची, पण तिथं माणूस स्वतःचं फक्त उणं बघतो. फोटोंत ती नसायचीच, फोटो काढणारी तीच. आता तो चेहरा विहिणीला कुंकू लावत होता. डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू, दोन्ही एकदम. त्याच्यावर क्रीम नव्हतं, चकाकी नव्हती, गालावरचं पीठसुद्धा नीट पुसलेलं नव्हतं. अख्खा हॉल त्याच्याकडे बघत होता. पुढच्या रांगेतली एक बाई पदरानं डोळे टिपत म्हणाली, "आईपण कसं तोंडावर आलंय बघा!"

कुंदाला तो चेहरा बघवेना. ते न बघवणं तिच्या ओळखीचं होतं, बावीस वर्षांच्या ओळखीचं.

ती धावली. धावत नवरीच्या खोलीशी पोचली तेव्हा चेहरा आत ओटीचं ताट घ्यायला आला होता. कुंदानं दार लावलं.

"हेमे, माझा चेहरा दे."

"पंधरा दिवस ओढायचा नाही, ताई. फाटेल," हेमांगी म्हणाली. नारळावरचं पान ती नीट करत होती.

"तुला कळलं नाही, हा आपला नाही ते?"

"कळलं की. नलूला म्हटलंसुद्धा. ती म्हणाली, टिकली तुमचीच होती, मला वेळ नाही." हेमांगीनं ताट खाली ठेवलं. "ताई, मी झोपले नव्हते."

कुंदानं ओटीचं ताट स्वतःकडे ओढलं.

"तुम्ही उठलात, टिकल्या हलवल्यात. सगळं नॅपकिनखालून बघितलं. म्हटलं, हलवू देत. मला दोन्ही पोरगेच. तुम्ही बावीस वर्षं माझ्या तोंडाकडे बघत बसलात, आणि मी तुमच्या केतूकडे." तिनं गालाला हात लावला, अगदी हलक्या हातानं. "आल्याबरोबर मला मिठी मारली हो तिनं."

"माझी लेक आहे ती, हेमे! आवाजावरून ओळखेल मला."

"मग हाक मारा."

दार उघडलं आणि केतकीच आत आली, हिरव्या शालूत, हातभर चुडा. मागं जावई, त्याच्यामागं प्रतापराव.

"केतू, मी आई," कुंदा म्हणाली.

केतकी खळखळून हसली. "काकू, तू म्हणजे ना! आजच्या दिवशी तरी आईची नक्कल करू नकोस." ती हेमांगीच्या कमरेला विळखा घालून उभी राहिली. प्रतापराव जावयासोबत केतकीच्या पलीकडे आला आणि त्यानं आपल्या बायकोच्या चेहऱ्याकडे बघितलं, मान वर करून, डोळे भरून. कुंदाकडे त्यानं असं कधी बघितलं होतं ते तिला आठवेना.

केतकीनं स्वतःचा फोन कुंदाच्या हातात दिला. "काकू, तू काढ ना आमचा फोटो. आई काढते त्यात कुणीतरी कापलं जातं."

कुंदानं फोन धरला. पडद्यावर चौघं आली. प्रत्येक तोंडाभोवती फोननं एकेक पिवळी चौकट आखली. तिचा स्वतःचा चेहरा लेकीच्या डोक्याला डोकं टेकवून तिच्याकडे सरळ बघत होता. मग तो हसला. मेली, किती सुंदर दिसतीय, कुंदाच्या मनात आलं.

"काकू, दाब ना," केतकी म्हणाली.

कुंदानं फोन जरासा डावीकडे सरकवला. तिच्या स्वतःच्या चेहऱ्याची चौकट कडेला गेली, अर्धी झाली, मग कानापुरती उरली. तेवढा कानही बाहेर गेल्यावर तिनं बटण दाबलं.