पाच गाई टिल्डाच्या गोठ्यात

माझ्या भाच्याच्या, ऑर्व्हिलच्या, मामाला, नेल्सला, एकच रोग होता: काम चोख पाहिजे. विस्कॉन्सिनमधल्या आमच्या भागाच्या सैन्यभरती बोर्डाचा तो अध्यक्ष. पोटापाण्याची त्याची पेंडीची गिरणी होती, बोर्डाचं काम फुकट. पण युद्ध पेटल्यापासून गिरणी नोकरांवर टाकून हा गृहस्थ सदा बोर्डाच्या खोलीत. महिन्याला इतकी पोरं पाठवा असा वरून हुकूम यायचा, आणि आमचं बोर्ड सगळ्या राज्याच्या आधी ती पोचती करायचं. माझ्या स्वयंपाकघरात बसून, माझीच कॉफी ढोसत तो हे कौतुकाने सांगायचा. मी म्हणायचे, "नेल्स, पोती मोजतोस की पोरं?" तो हसायचा. वाईट माणूस असता तर बरं झालं असतं, निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या.

सैन्याला दूध लागतं, म्हणून गोठेवाल्यांच्या पोरांना सूट होती. धारेला सोळा गाई असतील तर पोरगा घरी. एक जरी कमी भरली तरी तो गेलाच म्हणून समजा. आता आमच्या खोऱ्यात प्रत्येकाकडे कुठून येणार सोळा गाई? म्हणून आम्ही आपली एक रीत पाडली होती. बोर्डाचा एकच म्हातारा कारकून मोजायला फिरायचा, आज या गोठ्यात, परवा त्या. तो येणार असला की आदल्या दिवशी शेजारी आपल्या दोन-चार गाई हाकत आणून बांधायचे. तो गेला की त्या परत. कुणी कुणाला विचारायचं नाही, आणि रविवारी चर्चमध्ये सगळे कसे मान खाली घालून प्रार्थनेला उभे!

त्या शरद ऋतूत पाळी आली टिल्डा ब्रेकेची. आमची शेजारीण, विधवा बाई. थोरला पामर नौदलात होता, त्याची बोट अटलांटिकमध्ये बुडाली. पुरायला देहसुद्धा मिळाला नाही. मागे राहिला सेल्मर, आणि अकरा गाई. माझा भाऊ हाल्वोर म्हणाला, "आपल्या अठरांतल्या पाच देऊ तिला."

मी कुरकुरले. "परक्या गोठ्यात पान्हा चोरतात मेल्या, आणि घरी आल्यावर आठवडाभर तोंड फुगवून बसतात."

"आत्या, तुला नेऊन बांधलं तिथे, तर तूसुद्धा लाथा झाडशील," ऑर्व्हिल म्हणाला. हाल्वोरचा एकुलता एक. त्याची आई, म्हणजे नेल्सची बहीण, तो रांगत होता तेव्हाच गेली. मी लग्न केलं नाही, पोर मात्र वाढवलं. मी त्याच्या पाठीत धपाटा घातला, आणि तो शीळ घालत गाई घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याच अंगणात शाळेच्या मास्तरीणबाई उभ्या! नेल्सने नवी शक्कल काढली होती. म्हाताऱ्या कारकुनाच्या पायी फार वेळ जातो, म्हणून त्याने शाळेचे मास्तर, बँकेतली माणसं, सगळ्यांना एकाच सकाळी, ऐन धारांच्या वेळी, घरोघर धाडलं. आधी कुणाला कळू दिलं नाही. आम्हालाही नाही, आणि आदल्याच रविवारी माझ्या हातचं जेवून गेला होता!

बाईंनी दोनदा मोजल्या. तेरा.

हाल्वोर गोठ्याच्या दारात नुसता उभा. पाच गाई कुठे आहेत हे सांगावं तर सेल्मर जातो, न सांगावं तर आपला. बाई गेल्यावर तो बादलीवर मटकन बसला. "करायला गेलो काय, गुद्रुन," एवढंच म्हणाला.

टिल्डा तशीच धावत आली, पायांत धड बूटही नव्हते. "मी जाते बोर्डात. सांगते गाई तुमच्या आहेत म्हणून. माझं व्हायचं ते होऊ दे!" खरं सांगू? माझ्या मनात आलं, जा बाई, जा लवकर.

ऑर्व्हिलने तिचे खांदे धरले. "काकू, तुम्ही एक दिलाय. पुरे झालं."

सुनावणीच्या दिवशी खोलीत बोर्डाचे तिघे होते. नातेवाइकाचं प्रकरण आलं की सभासदाने बाहेर जायचं असा नियम. नेल्स उठला आणि आमच्याकडे न बघता बाहेर गेला. उरले दाताचे डॉक्टर आणि बँकेचे मॅनेजर.

"हाल्वोर, वसंतात तुझ्याकडे अठरा होत्या," डॉक्टर म्हणाले. "पाच गेल्या कुठे?"

हाल्वोरने तोंड उघडलं. मी त्याचा हात दाबला, बोल म्हणून की बोलू नको म्हणून, ते मलाच ठाऊक नव्हतं.

"विकल्या," ऑर्व्हिल म्हणाला. "चारा महागला, म्हणून मीच विकल्या."

"देशाला दूध हवंय, आणि तू गाई विकतोस? लाज नाही वाटत?"

"वाटते, डॉक्टर."

झालं. पाच मिनिटांत निकाल लागला. नेल्स बाहेर खिडकीपाशी उभा होता. मी त्याला गाठलं आणि सगळं सांगितलं, गाई, टिल्डा, सगळं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"आधी का नाही सांगितलंस?"

"सांगून काय केलं असतंस? सेल्मरला पाठवलं असतंस ना? तुझी संख्या भरायला कुणीतरी हवाच होता!"

वरच्या बोर्डाकडे दाद मागता येते असं त्याने घरी येऊन ऑर्व्हिलला विनवून सांगितलं, पण पोरगा ऐकेना. त्या महिन्यातही आमचं बोर्ड राज्यात पहिलं आलं.

पुढच्या वसंतात इटलीहून तार आली. तिच्याबद्दल मी लिहिणार नाही.

नेल्सने बोर्ड सोडलं. हाल्वोर बोलेनासा झाला, कधीकधी गोठ्यातच झोपायचा. आणि सेल्मर रोज पहाटे, आपल्या धारा आटोपून, आमच्या धारा काढायला यायला लागला. न बोलावता. हाल्वोर त्याच्याकडे पाठ करून काम करायचा.

एक दिवस कॉफी देताना माझा बांध फुटला. "सेल्मर, तू दारात दिसलास की मला रोज वाटतं, हा का? तो का नाही? मी रोज तुझा द्वेष करायला बघते, पोरा, आणि तेही धड जमत नाही."

एरवी तो मला गुद्रुनबाई म्हणायचा.

"मलाही रोज तेच वाटतं, आत्या," तो म्हणाला. "मी का?"

आत्या म्हणणारा मला जगात एकच होता. मी दाराची चौकट धरून उभी राहिले. सेल्मरने बादली उचलली आणि तो गोठ्याकडे गेला. तेव्हापासून मी त्याला येऊ नकोस म्हणू शकले नाही, आणि ये असंही कधी म्हणाले नाही.