चपळचे मरून जॅकेट

मित्रांनो, मी काचेआडून बोलतोय, तेव्हा जरा जवळ या. मी एक जुने मरून रंगाचे जॅकेट आहे. बाह्यांवर पिवळे पट्टे आणि छातीवर 'चपळ' हे कंपनीचे नाव. तुमच्यातल्या निम्म्यांच्या अंगावर आज हेच नाव आहे, म्हणून मी तुम्हाला ओळखीचा वाटतो. पण आपली ओळख नाही.

माझा जन्म बिबवेवाडीतल्या एका लहानशा कारखान्यात झाला. त्या काळी खो-खो, कबड्डीच्या खेळाडूंना चपळचे कपडे मिळाले की आकाश ठेंगणे व्हायचे. मुलींना खो-खो शिकवणाऱ्या तात्यारावांनी मला विकत आणले. जॅकेट एकच आणि मुली सगळ्याच गुणी, म्हणून त्यांनी एक रीत घालून दिली. सरावात जी शेवटपर्यंत कुणाच्या हाती लागणार नाही, तिने मला आठवडाभर घरी न्यायचे. मी मागून मिळत नसे. किती जणींच्या घामाने मी भिजलो आणि त्याचा मला केवढा तोरा होता, काय सांगू!

पुढे परदेशी कंपन्यांचे कपडे आले आणि चपळचा कारखाना बंद पडला. मैदानही हळूहळू ओस पडले. गेल्या वर्षी तिथे सहाच मुली उरल्या होत्या. खेळायला नऊ लागतात. मैदान ज्या संस्थेचे होते, तिच्या मंडळींनी तात्यारावांना बजावले होते, यंदा स्पर्धेत संघ उतरला नाही तर इथे गाड्या लावायची सोय करू.

त्या सहा जणींत एक उत्कर्षा. वारज्याहून दोन बस बदलून यायची. पळायला लागली की पाठलाग करणारीला घाम फुटायचा. बहुतेक आठवडे मी तिच्याच घरी असे. ती मला सावलीत वाळवायची, रंग उडू नये म्हणून.

अशात कुणीतरी चपळचे नाव विकत घेतले. एका गायकाने त्या नावाचे नवे जॅकेट घालून रील केले आणि बघता बघता सगळ्या कॉलेजांत मरून आणि पिवळे दिसू लागले. तात्याराव हरखून गेले.

"बघ, खेळाला दिवस आले," ते बायकोला म्हणाले.

"कपड्याला आलेत," कांताबाई म्हणाल्या. "खेळाला नाही."

पण एका संध्याकाळी नवी जॅकेटे घातलेल्या तीन मुली खरोखरच मैदानात आल्या. खांबाला टेकून त्यांनी फोटो काढले. तात्यारावांनी खेळाचे नाव काढताच म्हणाल्या, "खेळू ना सर, मजा येईल." सहा आणि तीन, नऊ झाल्या! मग त्यांतल्या पूर्णिमाची नजर माझ्यावर गेली.

"सर, हे ओरिजिनल आहे? मला द्या ना, प्लीज. रोज येईन मी."

त्या दिवशी उत्कर्षा कुणाच्याच हाती लागली नव्हती. घामेजलेली, मला घ्यायला हात पुढे करून ती उभी होती. तात्यारावांनी मला खुंटीवरून काढले आणि पूर्णिमाच्या खांद्यावर घातले.

"तू घरचीच आहेस," ते उत्कर्षाला म्हणाले. "समजून घे."

"हो सर," उत्कर्षा म्हणाली आणि पिशवी उचलून निघाली. मला ओरडावेसे वाटले. पण कपड्याला कुठला आवाज?

पूर्णिमाने मला घालून पुष्कळ फोटो काढले आणि मैदानाकडे पुन्हा फिरकली नाही. ते फोटो कंपनीने पाहिले. दोन नव्या जॅकेटांच्या बदल्यात तिने मला देऊन टाकले. आता मी या दुकानात असतो. माझ्यावर दिव्याचा झोत सोडलाय आणि खाली 'आमचा वारसा' असे लिहिलेय. लोक माझे कौतुक करतात. मला ते सोसत नाही.

काही महिन्यांनी याच दुकानात उत्कर्षा नोकरीला लागली. ती नम्रता नावाच्या मैत्रिणीला सांगत होती, तेव्हा मला सगळे कळले. त्या संध्याकाळनंतर ती मैदानात गेलीच नाही आणि तिच्यामागोमाग बाकीच्याही यायच्या थांबल्या. संघ उतरलाच नाही. मैदानावर आता गाड्या उभ्या असतात.

गेल्या आठवड्यात तात्याराव दुकानात आले. वाकले होते. बराच वेळ माझ्यासमोर उभे राहिले, मग त्यांना कपड्यांच्या घड्या घालणारी उत्कर्षा दिसली.

"कशी आहेस गं?"

"बरी आहे, सर."

"पळतेस की नाही?"

"नाही सर. दिवसभर उभीच असते इथे."

एका गिऱ्हाइकाने साइज विचारली, तशी ती तिकडे गेली. तात्याराव निघून गेले.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असे मी तुम्हाला सांगणार नाही. ती इथे रोज घेतली जाते, मला धूळही लागू देत नाहीत. पण नव्याने आलेल्याला खूश करताना, इतके दिवस जी मुकाट्याने येत राहिली, तिने पुढे केलेल्या हाताकडे एकदा बघा. तो हात मागे गेला की पुन्हा पुढे येत नाही.