शिडीची पाचवी पायरी

सुट्टीच्या दिवशी माणसाने गपचूप पडून राहावं, असं शेंड्याचं स्पष्ट मत होतं. सहा दिवस परांच्या बांधायच्या, सातव्या दिवशी कपडे धुवायचे, बायकोशी फोनवर बोलायचं आणि उरलेला दिवस छताकडे बघत काढायचा. परदेशात आल्यापासून सात वर्षं हाच क्रम. पण खोलीतल्या वायरमनने सर्कशीची तीन तिकिटं आणली आणि जाहीर केलं, की जो येणार नाही त्याने महिनाभर सगळ्यांची भांडी घासायची. शेंड्याच्या अंगात भांडण्याइतकंही त्राण नव्हतं. तो उठला, त्यातल्या त्यात बरा शर्ट चढवला आणि निघाला.

शेंड्या हे काही त्याच्या आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. इमारतीभोवती लोखंडी पाइपांची परांची चढत गेली, की अगदी वरच्या टोकाला हा. खालून जोडीदार पाइप सरकवणार, हा तो धरून क्लॅम्प आवळणार. सात वर्षं ही जोडी टिकली होती. जोडीदार अखंड बडबड्या, हा पक्का घुम्या. एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने वैतागायचं, अशी कामाची वाटणी झाल्यामुळेच बहुधा टिकली असावी.

आता खरं काय ते सांगून टाकतो. महिन्याभरापासून शेंड्याला उंचीची भीती वाटत होती. कारण विचाराल तर काही नाही. तो पडला नव्हता, कोणाला पडताना त्याने पाहिलं नव्हतं. एका सकाळी सातव्या मजल्याच्या फळीवर उभा राहिला आणि गुडघे लटपटायला लागले, बस्स. तेव्हापासून रोज तेच. वीस वर्षं इमानाने वागलेलं अंग असं अचानक फितूर झालं याचा त्याला राग यायचा, आणि रागाहून जास्त लाज वाटायची. सांगणार कोणाला? वर चढता न येणारा परांचीवाला ठेवून कंपनी त्याची पूजा थोडीच करणार? पुढच्या विमानाने घरी. म्हणून तो दात-ओठ खाऊन दिवस ढकलत होता. लपवून लपवून माणूस किती थकतो, हे कामाने थकणाऱ्यांना कळायचं नाही. गेल्या आठवड्यात तर त्याच्या हातातून क्लॅम्प निसटला आणि जोडीदाराच्या डोक्यापासून वीतभर अंतरावरून खाली गेला. "हाताला तेल होतं," असं शेंड्या म्हणाला. जोडीदाराने एक सणसणीत शिवी हासडली आणि विषय तिथेच मिटला.

तंबूत लाकडी बाकांवर वायरमन, जोडीदार आणि शेंड्या दाटीवाटीने बसले. भुशाचा आणि घामाचा वास येत होता. वायरमन वर बघून म्हणाला, "वायरिंग बघ कसं लोंबतंय! आपण असं केलं असतं तर साहेबाने सोलून काढलं असतं."

"अरे, झोक्यावरची पोरगी बघ की," जोडीदार म्हणाला. "वायरी कसल्या बघतोस?"

पोरगी एका झोक्यावरून सुटली आणि पलीकडच्या माणसाने तिला मनगटांना धरून झेललं. तंबू टाळ्यांनी दणाणला. शेंड्याने डोळे मिटून घेतले होते. तळपायांना घाम फुटला होता आणि संपलं की कोणीतरी सांगेल, एवढीच तो वाट बघत होता.

मग विदूषक आला. प्रेक्षकांतून एकाला बोलावण्याचा त्याचा खेळ होता. रिंगणात दोघांनी एक शिडी धरून ठेवली होती, वरच्या टोकाला घंटा. वर जायचं, घंटा वाजवायची, उतरायचं. दहा पायऱ्या, फार तर दोन माणसांची उंची. वायरमन उभा राहून दोन्ही हातांनी शेंड्याकडे बोट दाखवायला लागला. विदूषकाने येऊन शेंड्याचा हात धरला.

"नको रे," शेंड्या म्हणाला. "दमलोय मी."

"चल, ऊठ!" जोडीदाराने मागून ढकललं. "चहाच्या आधीचं काम हे तुझं!"

शेंड्या गेला. दोन पायऱ्या चढला, तीन, चार. पाचवीवर पाय ठेवला आणि गुडघ्यांनी घात केला. वरचा हात सुटेना, खालचा पाय हलेना. शिडी खडखडायला लागली. लोकांना वाटलं सोंग. विदूषकाने त्याच्या गुडघ्यांची नक्कल सुरू केली, तसा हशा दुप्पट झाला. वायरमन तर पोट धरून हसत होता.

जोडीदारही आधी हसला. मग त्याचं हसू थांबलं. सात वर्षं त्याने रोज खालून शेंड्याच्या टाचा बघितल्या होत्या. टाच खरी कापतेय की खोटी, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. तो कठडा ओलांडून रिंगणात उतरला आणि शिडीवर शेंड्याच्या मागे चढला.

"डावा सोड."

"नाही सुटत."

"सोड म्हणतो ना. धरलाय मी."

एकेक पाय हाताने उचलून त्याने शेंड्याला खाली आणलं. लोकांनी प्रचंड टाळ्या दिल्या. विदूषकाने दोघांपुढे कमरेत वाकून सलाम केला. वायरमनला खेळ पुरा बघायचा होता, तो आतच राहिला. हे दोघे बाहेर आले.

तंबूच्या मागे उन्हं कलली होती. जोडीदार शेंड्याकडे वळला.

"कधीपासून?"

"महिना झाला."

"म्हणजे तो क्लॅम्प..."

"तेल नव्हतं."

आता कानाखाली बसणार, असं शेंड्याला वाटलं. बसली असती तर बरं झालं असतं.

"माझी दोन्ही पोरं तुला काका म्हणतात," जोडीदार म्हणाला. "आणि महिनाभर मी तुझ्या खाली उभा होतो."

या महिन्यात शेंड्याने आपल्या पडण्याचा विचार केला होता, नोकरीचा केला होता, घरी कोण काय म्हणेल याचा केला होता. खाली उभ्या असलेल्या माणसाचा एकदाही केला नव्हता. हे त्याला आत्ता, या क्षणी कळलं आणि शिडीवर वाटली नव्हती इतकी शरम वाटली.

"मुकादमाला सांगणार तू?"

"मी नाही. तुझ्या पोटावर पाय मी देणार नाही. पण उद्यापासून तुझ्या खाली उभाही राहणार नाही. दुसरा कोणीतरी देतील तुला. त्याला सांगायचं की नाही, तुझं तू बघ."

शेंड्याने खिशातून फोन काढून मुकादमाला लावला.

"सुट्टीच्या दिवशी काय रे?" मुकादम पलीकडून जांभई देत म्हणाला.

"मुकादम, उद्यापासून मला वर पाठवू नका. वर भीती वाटते मला. पाय कापतात."

मुकादमाची जांभई अर्धवट राहिली. "अरे, घरी पाठवतील तुला. कळतंय का काय बोलतोयस?"

"कळतंय. आणखी एक. महिनाभर मी हे जोडीदारापासून लपवलं. क्लॅम्प पडला तेव्हा त्याच्याशी खोटं बोललो. तेही साहेबांना सांगा."

जोडीदाराने तोंड दुसरीकडे फिरवलं आणि बाहीने डोळे पुसले. आत टाळ्या चालूच होत्या. खेळ संपून वायरमन बाहेर येईपर्यंत दोघे तिथेच उभे राहिले, एकमेकांपासून हातभर अंतरावर.